‘के एस ब्रोमा, मुखेर’: स्पॅनिश गप्पांमधला दुसऱ्याचा आवाज

प्रश्न माझ्याच एका जुन्या विद्यार्थिनीचा आहे. ती सध्या व्हॅलेन्सियात मास्टर्स करते आणि तिघा स्पॅनिश मुलामुलींबरोबर फ्लॅटमध्ये राहते. ती लिहिते: ‘मॅडम, बी-टू (स्पॅनिशची वरची मध्यम पातळी) पास झाले, लेक्चर कळतं, बातम्या कळतात. पण रात्री जेवायला चौघं बसलो की कोण कोणाला काय म्हणालं ते कळत नाही, आणि चेष्टा चाललीये की भांडण तेही कळत नाही. परवा मी म्हटलं, आज दमलेय, भांडी उद्या घासते. त्यावर एकजण म्हणाला, “के कान्सादा नी के कान्सादा! के सी एल मास्तेर, के सी एल कालोर, के सी पातातीन, के सी पातातान...” सगळे हसले, मला रडूच आलं. मग दुसरी म्हणाली, “के एस ब्रोमा, मुखेर.” एवढे “के” कशासाठी? आणि ती खरंच ब्रोमा होती का?’

होती. चेष्टाच होती, आणि प्रेमाची होती. पण तुला ती का कळली नाही, हे नीट सांगावंसं वाटतं, कारण बी-टूपर्यंतच्या पुस्तकांत हा भाग जवळजवळ येतच नाही. स्पॅनिश माणसं गप्पा मारताना सतत दुसऱ्याच्या तोंडचं बोलतात. कधी ‘अमका असं म्हणाला’ असं सांगून, आणि बऱ्याचदा काहीच न सांगता. त्यांची रोजची चेष्टासुद्धा याच यंत्रावर चालते. म्हणून शब्दाचा अर्थ शोधण्याआधी ‘हा आवाज आत्ता कोणाचा आहे?’ हे कानाने ओळखायला शिकावं लागतं.

(स्पॅनिश शब्द देवनागरीत लिहिताना मी लॅटिन अमेरिकेतला सोपा ‘स’ वापरते. व्हॅलेन्सियात तुला ‘दिसे’ऐवजी ‘दिथे’ ऐकू येईल. ‘मुखेर’मधला ‘ख’ घशातून, ‘ह’च्या जवळचा.)

आधी तुझ्या ‘के’बद्दल. तू लिहिलेल्या दोन वाक्यांत सात ‘के’ आहेत. पहिले दोन जोर देऊन म्हटलेले, त्यांच्याकडे नंतर येते. उरलेले पाच हलके, घाईत गिळलेले. आपण व्याकरणात हा हलका ‘के’ म्हणजे ‘की’ असं शिकतो: ‘दिसे के बिएने’, तो म्हणतो की तो येतोय. मी पहिल्यांदा सालामांकात एका कुटुंबात राहिले तेव्हा मलाही एवढंच ठाऊक होतं. त्या घरात आजींना कमी ऐकू यायचं, त्यामुळे प्रत्येक वाक्य दोनदा बोललं जायचं आणि दुसऱ्या वेळी पुढे एक ‘के’ चिकटायचा. ‘बिएनेस?’ (येतेस का?) ‘के?’ (काय?) ‘के सी बिएनेस!’ पुढच्या मिनिटाला कोणी म्हणायचं, ‘या बामोस’ (आलोच आम्ही), आजी ‘के?’ म्हणायच्या, की लगेच ‘के या बामोस!’ ‘दोन्दे एस्ता एल पान?’ (पाव कुठाय?) याचं दुसऱ्या फेरीला ‘के दोन्दे एस्ता एल पान!’ व्हायचं. आणि ‘बेन’ (ये) असं कोणाला बोलावलं आणि त्याला ऐकू गेलं नाही, तर ‘के बेंगास!’

दोन आठवडे मी या ‘के’ला ‘की’ समजून वाक्याचं मागचं टोक शोधत बसले. मागचं टोक नव्हतंच. मग एक दिवस आईची आठवण आली. आपल्याकडे काय करतात? ‘येतेस का?’ ‘काय?’ ‘येतेस का म्हटलं!’ ‘ये.’ ‘आं?’ ‘ये म्हटलं!’ तोच हा ‘के’. आपण ‘म्हटलं’ शेवटी लावतो, ते ‘के’ सुरुवातीला लावतात. काम एकच: हे वाक्य नवं नाही, आधी बोललेलंच पुन्हा देतेय. हो-नाहीचा प्रश्न असला तर ‘के सी’, कुठे-कधी-काय असा प्रश्न असला तर ‘के’पुढे तो प्रश्नार्थक शब्द, हुकूम असला तर ‘के’ आणि क्रियापदाचं सुब्खुन्तीबो रूप, म्हणजे इच्छा, हुकूम वगैरे सांगणारं रूप.

आता ही जोडी मनात ठेवून इतर ‘के’ ऐकून बघ. कोणी तिसऱ्यांदा लाडू वाढायला आलं की आपण ‘नको म्हटलं ना!’ म्हणतो. स्पॅनिशमध्ये ‘के नो!’ नुसतं ‘नो’ हे उत्तर, ‘के नो’ हे ‘एकदा सांगितलं ना’. ‘के सी, के सी’ म्हणजे ‘हो गं, हो म्हटलं’. आणि तुझ्या मैत्रिणीचं ‘के एस ब्रोमा, मुखेर’ म्हणजे ‘अगं, चेष्टा होती म्हटलं’. तिने आधी तसं तोंडाने म्हटलेलं नव्हतं. पण तो ‘के’ लावून ती सांगते की हे तुला आधीच कळायला हवं होतं, बोलणाऱ्याच्या सुरातच ते होतं. आणि ‘मुखेर’चा शब्दशः अर्थ ‘बाई’ असला तरी इथे तो आपल्या ‘अगं’चं काम करतो, ‘ओम्ब्रे’ ‘अरे’चं. (‘ओम्ब्रे’ बायकांनाही म्हणतात, त्याने बिचकू नकोस.)

उरले मधले चार ‘के सी’. ही रचना मला स्पॅनिशमधली सगळ्यात जिवंत वाटते. एखाद्याची रड, सबबी, लांबण सांगायची असली की त्यातले फक्त मुद्दे उचलायचे आणि प्रत्येकापुढे ‘के सी’ लावायचं. यात बहुधा पूर्ण वाक्य नसतं, क्रियापदही नसतं. ‘के सी ला लूस, के सी एल आग्वा, के सी एल आल्किलेर’: म्हणे लाइट बिल, म्हणे पाणी, म्हणे भाडं. शेवटी ‘के सी पातातीन, के सी पातातान’ म्हणजे आपलं ‘म्हणे अमकं, म्हणे ढमकं’. पातातीन-पातातानला अर्थ नाही. ‘पुढचं ऐकायचीही गरज नाही, तेच ते’ असं सांगणारे ते आवाज आहेत. हे मराठीत आणताना ‘म्हणे’ शिवाय दुसरा शब्द सापडत नाही, आणि सापडायची गरजही नाही. आपल्या ‘म्हण’ धातूत हे सगळं आधीपासून आहे. म्हणून मराठी मुलामुलींना ही गोष्ट खरं तर सोपी जायला हवी. अवघड जाते कारण आपण स्पॅनिश शिकताना मनात मराठी ठेवतच नाही, इंग्रजी ठेवतो.

हा मुद्दा मी वर्गात हट्टाने मांडते. ‘कोमो ते यामाबास?’ हे वाक्य इंग्रजीतून लावलं तर ‘तुझं नाव काय असायचं?’ असं भलतंच होतं. मराठीतून लावलं तर सरळ आहे: ‘नाव काय म्हणालीस तुझं?’ तो भूतकाळ नावाचा नाही, सांगण्याचा आहे. तसंच ‘मान्याना बेनीआ एल फोन्तानेरो, नो?’ प्लंबर उद्या यायचाय, तरी क्रियापद अपूर्ण भूतकाळात. कारण ‘उद्या येणार असं ठरलं होतं, असं कोणीतरी म्हणालं होतं’ हे सगळं त्या एका रूपात मावतं. स्पॅनिशमधल्या उद्धरणावर अर्जेंटिनाच्या भाषाअभ्यासक ग्रासिएला रेयेस यांनी खूप बारकाईने लिहिलं आहे. व्याकरणाच्या तक्त्यात जे ‘काळ’ म्हणून छापलेलं असतं त्यातलं काही खरं तर ‘कोणाचं म्हणणं’ दाखवायला वापरतात, हे मला अशा अभ्यासामुळे दिसायला लागलं.

तरी दोन ठिकाणी मराठी आपल्याला पाडतेच. पहिलं ठिकाण सर्वनामाचं. आपण म्हणतो, ‘सर म्हणाले, मी मूर्ख आहे, किल्ली घरीच विसरलो.’ यातला ‘मी’ म्हणजे सर, हे आपल्याला संदर्भाने कळतं, आणि मध्ये ‘की’ घातला तरी ‘मी’ तसाच राहतो. स्पॅनिशमध्ये ‘के’ घातला की मूळ बोलणाऱ्याचं ‘मी’पण संपतं, आता सांगणारा तो ‘मी’. माझा एक विद्यार्थी आपल्या साहेबांचा किस्सा सांगताना म्हणाला, ‘मे दीखो के सोय तोन्तो.’ ऐकणाऱ्या स्पॅनिश बाई त्याच्या बाजूने एकदम चिडल्या, कारण त्यांना कळलं ते असं: साहेब मला मूर्ख म्हणाले. दुरुस्ती म्हणून ‘एरा तोन्तो’ म्हटलं तरी नेमकं कोण मूर्ख ते धूसरच राहतं, कारण ते रूप ‘मी’ आणि ‘तो’ दोघांना सारखंच. अशा वेळी मी सांगते, ‘के’ सोडून दे आणि आवाज बदल: ‘ई मे दिसे: सोय तोन्तो.’ स्पॅनिश माणसं स्वतःही हेच करतात.

दुसरं ठिकाण एका स्वराचं. ‘दिसे के मान्दा एल इन्फोर्मे’ म्हणजे ‘रिपोर्ट पाठवतो म्हणतोय’. ‘दिसे के मान्दे एल इन्फोर्मे’ म्हणजे ‘रिपोर्ट पाठवा म्हणतोय’. फरक शेवटच्या ‘आ’ आणि ‘ए’चा, आणि तो स्वर फोनवर पुसटच ऐकू येतो. चाकणच्या एका कारखान्यासाठी दुभाषीपण करायला मी एक होतकरू मुलगी पाठवली होती. तिने ‘मान्दे’चं ‘मान्दा’ ऐकलं. इकडचे लोक रिपोर्ट येण्याची वाट बघत बसले, तिकडचे रिपोर्ट मिळण्याची, आणि यात तीन दिवस गेले. त्या मुलीला मी रागावले नाही, कारण तिला हे कोणी शिकवलंच नव्हतं, आणि ते शिकवणं माझंच काम होतं. ‘देसीर के’ (‘म्हणणे की’) नंतर साधं रूप आलं तर माहिती, सुब्खुन्तीबो आलं तर निरोपातला हुकूम. मराठीत हा भेद ‘येतो म्हणतोय’ आणि ‘ये म्हणतोय’ असा लख्ख आहे. तिथूनच पकडावा.

आता जेवणाच्या टेबलाकडे. किस्सा सांगताना स्पॅनिश माणूस ‘तो म्हणाला’ असं फार थोडा वेळ म्हणतो. सुरुवातीला एकदा ‘ले दिखे’ (मी त्याला म्हटलं) होईल, मग रंगात आला की भूतकाळ सुटतो, ‘ले दीगो’, ‘मे दिसे’. स्पेनमध्ये बोलताना ते दुहेरीही होतं: ‘ई ले दीगो, दीगो: मीरा...’ हे ऐकून आपल्या गावाकडच्या कथेतलं ‘मी म्हणलं, म्हणलं बघा...’ आठवावं. आणखी पुढे गेल्यावर क्रियापदच गळतं: ‘ई यो:’ (आणि मी), ‘ई एया:’ (आणि ती), आणि लगेच त्या माणसाचं बोलणं. भांडण सांगायचं तर तेवढंही लागत नाही: ‘ई एया के नो, ई यो के सी, ई एया के नो.’ ती नाही म्हणते, मी हो म्हणते, ती नाही म्हणते. चार-चार शब्दांची तीन वाक्यं, त्यात एकही क्रियापद नाही, आणि भांडण डोळ्यांपुढे उभं.

समोरच्याचं बोलणं अनपेक्षित किंवा उद्धट वाटलं तर त्याआधी ‘बा ई मे दिसे’ येतं. शब्दशः ‘तो जातो आणि मला म्हणतो’, पण कोणी कुठे जात नाही. हे आपलं ‘आणि म्हणतो कसा’ आहे, किंवा ‘वर उठून मलाच म्हणतो’. त्याहून तिखट ‘मे सुएल्ता’, म्हणजे तोंडावर फेकलंच त्याने. स्पेनमध्ये ‘कोखे ई मे दिसे’ही म्हणतात. ते तिथेच ठेव, मेक्सिको किंवा अर्जेंटिनात नेऊ नकोस, तिथे ‘कोखेर’चा अर्थ अश्लील होतो. तिकडे ‘आगार्रा ई मे दिसे’ चालतं. आणि तुझ्या वयाची मंडळी ‘एन प्लान’ लावत असणार: ‘ई यो, एन प्लान: के?’ त्याचा काटेकोर अर्थ शोधू नकोस. ‘साधारण अशा थाटात’ एवढाच तो, आणि पुढचे शब्द खरोखर उच्चारले गेले होते असा त्याचा दावा नसतो.

ही गोष्ट महत्त्वाची आहे. गप्पांमधलं थेट बोलणं म्हणजे साक्ष नव्हे. कुत्रा, भिंतीवरचं घड्याळ, स्वतःच्या मनातला न बोललेला विचार, सगळ्यांना ते वाक्यं देतात. ‘ई एल पेर्रो, एन प्लान: ई मी सेना?’ (आणि कुत्रा म्हणतोय, माझं जेवण?) तुझ्याबद्दल सांगतानाही तुझ्या तोंडी असं वाक्य घालतील जे तू कधी बोललीच नव्हतीस. ‘मी असं म्हटलंच नव्हतं!’ असा खुलासा करायला गेलीस तर सगळे गोंधळतील, कारण तू तसं म्हटलंस असं कोणी सांगतच नव्हतं. तुझा तो क्षण ते रंगवत होते.

मग आवाज बदलला हे ओळखायचं कसं? छापील अवतरणचिन्हं कानाला दिसत नाहीत, पण त्यांच्या जागी काही शब्द असतात. दुसऱ्याचं बोलणं सुरू होताना बहुतेक वेळा ‘आय’, ‘ओये’, ‘मीरा’, ‘पुएस’, ‘बुएनो’, ‘ओम्ब्रे’ यांतलं एक काहीतरी येतं, जसं आपण नक्कल करताना ‘अगं’, ‘हे बघ’, ‘छे छे’ने सुरुवात करतो. त्यासोबत आवाजाची पट्टी वर किंवा खाली सरकते. किस्सा संपवून सांगणारा स्वतःच्या आवाजात परत आला की ‘तोताल, के...’ (तर काय सांगत होते) किंवा ‘ई क्लारो...’ (आणि मग साहजिकच) ऐकू येतं. मी विद्यार्थ्यांना रेकॉर्ड केलेल्या गप्पा ऐकवते आणि अर्थ लावू देत नाही. फक्त आवाज बदलला असं वाटेल तिथे टेबलावर बोट टेकवायचं. पहिल्या तासाला कोणालाच जमत नाही. महिन्याभरात बहुतेकांना जमतं, आणि गंमत म्हणजे त्याच सुमाराला त्यांना विनोदही कळायला लागतात.

ते योगायोगाने होत नाही. डॅन स्पर्बर आणि डियर्ड्री विल्सन या अभ्यासकांनी १९८१ मध्ये एक मांडणी केली: उपरोधात माणूस उलटं बोलत नसतो, तो कोणाचं तरी म्हणणं किंवा कोणाची तरी अपेक्षा परत उच्चारून दाखवत असतो आणि सुरातून सांगत असतो की बघा, हे किती फोल ठरलं. मला स्पॅनिश टेबलावर बसून हे पटलं. रूममेट म्हणाला, ‘सिन्को मिनूतोस’, पाच मिनिटांत येतो, आणि तासाने आला. दार उघडणारी म्हणते, ‘सिन्को मिनूतोस, ए?’ तिने नवं काही म्हटलं नाही, त्याचंच वाक्य त्याला परत दिलं. कोणी आपल्यावरच उलटलं की ‘नो, सी एन्सीमा ला कुल्पा सेरा मीआ’: म्हणजे चूक वर माझीच म्हणायची! इथे मराठीतही ‘म्हणायची’ आपसूक आलं, याकडे लक्ष दे. ‘सी, ओम्ब्रे’ हे कधी खरं ‘हो रे’ असतं आणि कधी ठणठणीत ‘नाही’. ‘गाडी देतोस?’ ‘सी, ओम्ब्रे!’ म्हणजे ‘हो, बसलोय ना द्यायला!’ हा ‘सी’ त्याचा स्वतःचा नाही. समोरच्याला जो हवा होता तोच ‘सी’ त्याने उसना घेऊन उडवून लावला.

आता तुझे पहिले दोन जोरकस ‘के’ कळतील. ‘के कान्सादा नी के कान्सादा’: त्याने तुझा शब्द उचलला, दोनदा उच्चारला आणि फेकून दिला. आपलं ‘कसली दमलीस न् कसलं काय!’ याचे थोरले भाऊ ऐकशील: ‘नी के ओचो क्वार्तोस’, ‘नी के निन्यो मुएर्तो’. दुसऱ्याचा शब्दशः अर्थ ‘मेलेलं मूल’ आहे, आणि नवा शिकणारा तो ऐकून हादरतो. त्यात मूलही नाही आणि मरणही नाही, फक्त समोरच्याचा शब्द निकालात काढणं आहे. ‘एस के...’ (त्याचं काय आहे...) अशी सबब सुरू केलीस तर ‘नी एस के नी नादा’ येईल. सबबीचे तुझे शब्द तिथल्या तिथे उचलून परत.

म्हणींचंही असंच. म्हण म्हणजे गावाचा आवाज, आणि तो सगळ्यांना पाठ म्हणून अर्धाच बोलतात. ‘आ बुएनास ओरास...’ एवढंच म्हणून थांबतात, पुढचं ‘मांगास बेर्देस’ ऐकणारा मनात पूर्ण करतो. अर्थ आपला ‘वरातीमागून घोडं’. दुभाषी म्हणून काम करताना मला अर्ध्या म्हणींचीच जास्त धास्ती वाटते. शब्दकोशात अर्धं वाक्य शोधून काही मिळत नाही, आणि नेमकं तिथेच सगळे हसतात.

शब्दांचा एक भेद इथेच सांगते. ‘चिस्ते’ सांगतात, ‘ब्रोमा’ करतात. चिस्ते म्हणजे तयार विनोद. तो बहुधा वर्तमानकाळात सुरू होतो, ‘बा उनो आल मेदिको ई ले दिसे...’ (एकजण डॉक्टरकडे जातो आणि म्हणतो), आणि त्यात दुसऱ्याचं बोलणंच बोलणं असतं. स्पेनमध्ये लेपे या उएल्बा प्रांतातल्या गावाच्या लोकांवर असे विनोद रचतात, कोलंबियात पास्तोच्या लोकांवर, अर्जेंटिनात ‘गायेगोस’वर, म्हणजे स्पेनहून आलेल्यांवर. ते ऐक, पण तू सांगू नकोस. कुठल्या गावाला हसायचं हा हक्क त्या देशातल्यांनी आपसात वाटून घेतलेला असतो. चिस्ते कसा सांगतात हे ऐकायचं असेल तर माझं पहिलं नाव स्पेनचे विनोदवीर मिगेल खिला (१९१९–२००१). हातात टेलिफोन, आणि आपल्याला एकच बाजू ऐकू येते. युद्धातला सैनिक शत्रूला फोन लावून विचारतो, ‘एस एल एनेमीगो? के से पोंगा.’ शत्रू का? त्यांना फोनवर यायला सांगा. हा ‘के’ तोच, निरोपातल्या हुकमाचा, आणि रोजच्या घरगुती फोनवरचं हे वाक्य रणांगणावर नेल्यानेच हसू येतं. दुसरे चिकितो दे ला काल्सादा, मालागाचे. मूळचे फ्लामेंको गायक, साठी उलटल्यावर १९९४ मध्ये टीव्हीवर आले आणि त्यांचे विचित्र शब्द देशभर लोकांच्या तोंडी बसले. निरोप घेताना कोणी ‘आस्ता लुएगो, लूकास’ म्हणालं आणि खोलीत लूकास नावाचं कोणीच नसलं, तर ते त्यांचं उद्धरण आहे, समज.

ब्रोमा मात्र जिवंत माणसाशी, त्याच क्षणी होते, आणि तिचा सूर बहुधा गंभीर असतो. चेहऱ्यावर रेषही हलवायची नाही, यालाच ‘तोमार एल पेलो’ म्हणतात. तुझी मंडळी ‘बासिलार’ही म्हणत असतील. वर अतिशयोक्ती येते. कोणी चिकटपणा करत असेल तर ‘एरेस मास पेसादो के उना बाका एन ब्रासोस’, कडेवर घेतलेल्या गाईपेक्षा जड आहेस. निर्लज्ज असेल तर ‘तिएनेस मास कारा के एस्पाल्दा’, पाठीपेक्षा तोंडच मोठं तुझं. हे सगळं जवळच्यालाच म्हणतात. तुझ्याशी कोणी फक्त सभ्य, संथ, पुस्तकी स्पॅनिश बोलत असेल तर तू अजून पाहुणी आहेस. ज्या दिवशी तुझी नक्कल केली, त्या दिवशी तुला घरातली धरलं.

महासागर ओलांडला की शब्द बदलतात. कोलंबियात चेष्टेला ‘मामार गायो’ म्हणतात, चिलीत ‘एचार ला ताया’, ब्वेनोस आयरेसमध्ये कोणी थापा मारतोय असं वाटलं तर ‘मे एस्तास कार्गान्दो?’ मेक्सिकोत ‘आल्बूर’ नावाचा द्व्यर्थी शब्दांचा सामना चालतो. त्यात परक्याने उतरू नये, साध्या मिरचीच्या उल्लेखावर टेबल हसलं तर आपण पाणी प्यावं. आणि कोलंबियापासून मेक्सिकोपर्यंत तुला एक शब्द भेटेल जो मी मराठी मुलांना मोठ्या आनंदाने शिकवते: ‘दीस्के’. तो ‘दिसे के’ म्हणजे ‘म्हणतो की’ यातूनच घडला, आणि आता अव्यय झालाय. ‘एस्ता दीस्के एन्फेर्मो’: आजारी आहे म्हणे. आपल्या ‘म्हणे’चा संशय, अंतर, किंचित खोच, सगळं त्यात आहे.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगते. परदेशात राहणाऱ्याने प्रत्येक चेष्टा सोसलीच पाहिजे असं मी मानत नाही. तुझ्या दमण्याची, उच्चाराची, सांडलेल्या कॉफीची नक्कल ही जवळीक. रंगाची, देशाची, देवाची टिंगल सुरू झाली तर आवाज सपाट ठेवून ‘नो मे आसे ग्रासिया’ म्हण, मला यात हसण्यासारखं काही वाटत नाही. हसून म्हणू नकोस, कारण हसलीस की तेही ब्रोमात जमा होतं. खरंच दुखावली असशील तर ‘एन सेरिओ’ (खरंच सांगते) ने वाक्य सुरू कर. स्पेनमध्ये हे दोन शब्द टेबलावरचा सूर लगेच बदलतात, मी अनेकदा पाहिलंय.

त्या रात्री मात्र टेबलावर काय घडलं ते आता सलग मराठीत ऐक. तू: ‘दमलेय, भांडी उद्या घासते.’ तो: ‘कसली दमलीस न् कसलं काय! म्हणे अभ्यास, म्हणे उकाडा, म्हणे अमकं, म्हणे ढमकं...’ ती: ‘अगं, चेष्टा होती म्हटलं.’ हे पुण्यात मावसभावाने म्हटलं असतं तर तू रडली नसतीस, उशी फेकून मारली असतीस. त्याला वाटलं तूही काहीतरी परत फेकशील. तू गप्प झालीस, आणि मग बिचारे सगळेच गोंधळले.

परत फेकायला तुला नवं काही शिकायची गरज नाही. त्याच्या स्वतःच्या सबबी तुला तीन महिने ऐकून पाठ असतील. ‘मीरा किएन आब्ला!’ (बघा कोण बोलतंय!) म्हण, आणि लगेच त्याच्या आवाजात, त्याच्याच चालीवर: ‘के सी आओरा बोय, के सी मान्याना सीन फाल्ता, के सी पातातीन, के सी पातातान.’ म्हणे आत्ता उठतो, म्हणे उद्या नक्की. आणि म्हणता म्हणता भांड्याची घासणी त्याच्या ताटाशेजारी ठेव.